फाउंटन पेनासाठी कागदाची पॅडे : निब घसरते, पण अक्षर टिकते का?

निळी दौत

रोज दोन-तीन पाने फाउंटन पेनाने लिहिणाऱ्याला कधी ना कधी उमगतेच, की पेन बदलून जे साधत नाही ते कागद बदलल्यावर साधते. मलाही हे उशिराच उमगले. त्याआधी चांगल्या निबांना मी उगाचच दोष देत बसलो होतो. गेल्या तीन महिन्यांत मी रोडियाचे 16 क्रमांकाचे पॅड, क्लेअरफाँतेनचा 90 जीएसएमचा (चौरस मीटरमागे 90 ग्रॅम वजनाचा) कागद, मारुमानचे निमोसिनी, मिदोरीचा एमडी कागद आणि तोमोए रिव्हरचे 52 जीएसएमचे सुटे ताव, असे पाच कागद आलटून पालटून वापरले. पेन एकच ठेवले, मीडियम निबचे लामी सफारी. शाया दोन घेतल्या: पेलिकन 4001 मधली रॉयल ब्लू, जी जरा हात आखडून वाहते, आणि पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतली एक निळी, जी सढळ वाहते. मजकूरही प्रत्येक कागदावर तोच लिहिला.

मजकुराचा मुद्दा मुद्दाम सांगतो, कारण कागदांच्या बहुतेक तुलना रोमन लिपीत लिहून केलेल्या असतात आणि आपले दुखणे थोडे वेगळे आहे. आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावरून शिरोरेघ ओढतो, म्हणजे अजून न वाळलेल्या अक्षरांवरून निब पुन्हा एकदा फिरवतो. काना, मात्रा आणि उभे दांडे जिथे शिरोरेघेला मिळतात तिथे शाईवर शाई पडते. कागदाने तिथे शाई पटकन शोषली तर तो सांधा सुजून काळा ठिपका होतो. मुळीच शोषली नाही तर निब ती ओली शाई पुढे ओढत नेते आणि रेघ उजवीकडे जाता जाता जाड होत जाते. त्यामुळे मी कागद पाहतो तो 'निवडणूक', 'पुनर्विवाह' असे लांब आणि दांडेबाज शब्द लिहून. नुसत्या फरकाट्या ओढून पाहिल्या तर सगळेच महाग कागद गोड वाटतात.

रोडियाचे नारिंगी पॅड बहुतेकांच्या परिचयाचे असेल. कंपनी 1934 सालची, फ्रान्समधली. 1997 पासून ती क्लेअरफाँतेनच्या घरात आहे. ए5 आकाराच्या या पॅडात 80 जीएसएमची 80 पाने असतात, वरच्या कडेला पिना, त्याखाली फाडण्यासाठी बारीक छिद्रांची ओळ, आणि पूर्ण मागे वळणारे आवरण. पृष्ठभाग इतका घोटलेला आहे, की मीडियम निब त्यावरून काचेवरून जावी तशी जाते. शाई फुटत नाही आणि मागेही उतरत नाही. मात्र शिरोरेघेच्या शेवटी माझा हात किंचित पुढे निघून जातो आणि रेघ शब्दापेक्षा दोन मिलिमीटर लांब होते. आधी मला हा माझ्या हाताचा दोष वाटला. एमडी कागदावर तोच शब्द लिहिल्यावर रेघ जागच्या जागी थांबली, तेव्हा कळले, की हाताला थांबण्यासाठी कागदाची थोडी पकड लागते.

क्लेअरफाँतेनचा 90 जीएसएमचा कागद त्याच वळणाचा आहे, फक्त अंगाने भरलेला. दोन्ही बाजूंनी बिनधास्त लिहिता येते. निमोसिनी 80 जीएसएमचे आहे. गुळगुळीतपणात ते रोडियाच्या एक पायरी खाली आणि वाळण्यात एक पायरी वर आहे, आणि रोजच्या कामाला मला हीच तडजोड सर्वांत पटली. एमडी कागद फिकट सायीच्या रंगाचा आहे. त्यावर निबेची अगदी बारीक कुजबुज ऐकू येते. ज्यांना निब जाणवायलाच नको असते त्यांना तो खरखरीत वाटेल, मला तो बोलका वाटला. तोमोए रिव्हरचे काय सांगावे! कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद, पण शाई आत उतरतच नाही, वरच थांबून वाळते. त्यामुळे एकाच अक्षरात फिकी-गडद छटा दिसते, आणि काही शायांवर लालसर झळाळीही चढते. वाळायला मात्र तो भलताच वेळ घेतो. साध्या छपाईच्या कागदावर मीडियम निबची ओळ पाच-सात सेकंदांत बोटाला लागेनाशी होते. रोडियावर वीस सेकंद धरून चालावे, आणि तोमोएवर अर्ध्या मिनिटानंतरही मी बोट काळे करून घेतले आहे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. 'फाउंटन पेनासाठी उत्तम' म्हणताना आपण सगळे गुळगुळीतपणालाच पहिला क्रमांक देतो, तो योग्य आहे का? आणि देवनागरी लिहिणाऱ्यांनी कागद निवडताना आणखी काय पाहावे?

बोरूबहाद्दर

धागा आवडला, आणि शिरोरेघेची कसोटी तर फारच. कागदाच्या धंद्याशी माझा जुना संबंध आहे, तेव्हा थोडे खोलात जातो.

आपण ज्याला 'चांगला कागद' म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे सायझिंग. कागद हा मुळात वनस्पतींच्या तंतूंचा थर असतो आणि तंतूंना पाणी प्रिय. काहीच न करता सोडले तर तो टीपकागदच. शाई तंतूंच्या कडेकडेने धावत जाते आणि अक्षराला मिशा फुटतात. हे थांबवण्यासाठी पूर्वी तयार ताव सरसाच्या पाण्यात बुडवत. 1807 साली इलिग नावाच्या जर्मन कागदवाल्याने राळ आणि तुरटी थेट लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली आणि हे काम यंत्रावर होऊ लागले. तुरटीमुळे कागदात आम्लता राहते आणि तो काही दशकांत पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून आता बहुतेक लिहिण्याच्या कागदांत आम्लरहित पद्धतीची रसायने वापरतात, आणि वरून स्टार्चचा हात देतात. दुसरी गोष्ट म्हणजे घोटाई. कागद जड रुळांच्या जोड्यांमधून दाबून काढतात, त्याला कॅलेंडरिंग म्हणतात. निब सरकते ती घोटाईमुळे. शाई फुटत नाही ती सायझिंगमुळे. घोटाई उत्तम आणि सायझिंग टुकार असलेला कागदही बाजारात भरपूर असतो, आणि लोक नेमके तिथेच फसतात, कारण दुकानात पानावरून बोट फिरवले तर फक्त घोटाई कळते.

आता एक गैरसमज, जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, बाकी काही नाही. त्यावरून मागे किती सावली दिसेल याचा अंदाज येतो, शाई फुटेल का याचा येत नाही. नाहीतर 52 जीएसएमच्या तोमोएने 100 जीएसएमच्या जाडजूड वह्यांना लाजवले नसते. शाई किती शोषली जाईल हे मोजण्यासाठी कारखान्यात कॉब चाचणी असते: एक चौरस मीटर कागद ठरावीक वेळात, बहुधा 60 सेकंदांत, किती ग्रॅम पाणी पितो ते पाहतात. हा आकडा वहीच्या वेष्टनावर मला आजवर कधी छापलेला दिसला नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

जीएसएमबद्दल शंका असेल तर घरीच पडताळता येतो. ए0 ताव बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि त्यातून ए4 ची सोळा पाने निघतात, ए5 ची बत्तीस. म्हणजे 80 जीएसएमचे ए5 पान अडीच ग्रॅमचे, आणि 80 पानांचा गठ्ठा 200 ग्रॅमचा. आवरण काढून काट्यावर ठेवा, खोटे लगेच उघडे पडते.

डावखुरी

वाळण्याच्या वेळेचा मुद्दा धागालेखकांनी एका परिच्छेदात संपवला, पण आमच्यासाठी सगळी कथा तिथेच सुरू होते. मी डाव्या हाताने लिहिते आणि माझा हात ओळीच्या खालून नव्हे, तर ओळीवरूनच पुढे सरकतो. म्हणजे जो शब्द आत्ता लिहिला त्यावर पुढच्या क्षणी माझी करंगळी. रोडियाच्या पॅडाची इतकी स्तुती वाचून मी ते आणले आणि पहिल्याच पानावर माझ्या पत्राचे निळे ढग झाले. कागद वाईट नव्हता, तो माझ्यासाठी नव्हता, एवढेच.

मला एमडी कागद सर्वांत मानवला. शाई थोडी आत घेतो, पण फुटू देत नाही. त्याबरोबर बारीक निब आणि हात आखडून वाहणारी शाई घेतली, की करंगळी स्वच्छ राहते. जपानी कंपन्यांचा फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा साधारण एक क्रमांकाने बारीक असतो, हे डावखुऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पॅडाच्या बांधणीचा विषय मात्र कोणी काढला नाही. डाव्या कडेला स्पायरल असलेली वही म्हणजे आमच्या मनगटाला टोचणारा काटा. वरच्या कडेला पिना मारलेले किंवा डिंकाने चिकटवलेले पॅड आम्हाला सोयीचे, कारण पान कसेही तिरके फिरवता येते. या एका कारणासाठी रोडियाच्या घडणीला मी अजूनही पूर्ण गुण देते.

टीपकागद

वाळण्याची इतकी चिंता आहे तर टीपकागद का वापरत नाही? माझ्या टेबलावर कायम असतो.

निळी दौत

टीपकागद, वापरून पाहिला. ओली शाई वरून उचलली जाते, आणि तिच्याबरोबर छटा आणि झळाळीही जाते. तोमोएवर टिपलेले अक्षर साध्या कागदावरच्या अक्षरासारखेच सपाट दिसते. मग तो कागद घ्यायचाच कशाला? पत्रावरच्या सहीपुरता मात्र टीपकागदाला पर्याय नाही.

डावखुरी, आपला मुद्दा मान्य. मी उजव्या हाताने लिहितो म्हणून मला तो निसटता वाटला.

साधी वही

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नये. हा सगळा खटाटोप मुख्यतः मीडियम आणि त्याहून जाड निबेचा आहे. मी बारीक जपानी निब आणि आयर्न गॉल शाई वापरतो. या शाईतले लोहक्षार आणि टॅनिन कागदावर हवेशी संयोग पावून काळे पडतात, आणि साध्यासुध्या कागदावरही ती सहसा फुटत नाही. पेलिकन 4001 मधली ब्लू-ब्लॅक याच जातीची आहे. पथ्य एकच, ती पेनात सुकू द्यायची नाही, आणि अधूनमधून पेन साध्या पाण्याने धुवायचे. कार्यालयातल्या छपाईच्या कागदावर गेली कित्येक वर्षे माझे बिनबोभाट चालले आहे.

ज्यांना तरीही गुळगुळीतपणा हवा असेल त्यांनी लेझर प्रिंटरसाठी येणारा 120 जीएसएमचा घोटीव कागद पाहावा. मी त्याचे ए4 ताव मधोमध कापून घेतो, पन्नास-साठ पाने दोन फळ्यांत दाबून वरच्या कडेला पांढऱ्या डिंकाचे दोन हात देतो आणि रात्रभर तसेच ठेवतो. खाली एक जाड पुठ्ठा. पॅड तयार, आणि नावाजलेल्या पॅडांशी तुलना केली तर लाज वाटू नये इतके बरे.

बोरूबहाद्दर

साधी वही, ताव कापताना तंतूंची दिशा पाहता का? यंत्रावर बनलेल्या कागदात बरेचसे तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने लागलेले असतात. एका कोपऱ्याच्या तुकड्याची एक बाजू ओली केली, की तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती तंतूंची दिशा. डिंकाची कड त्या दिशेला समांतर ठेवली तर दमट हवेत पॅड लाटेसारखे वाकत नाही. फाडूनही कळते: दिशेने फाटला तर सरळ, आडवा फाटला तर वेडावाकडा.

साधी वही

नव्हतो पाहत. माझी निम्मी पॅडे वर का उचलली जातात ते आज कळले.

रेघोटी

मी एका वेगळ्याच भानगडीत सापडले होते, ती सांगते. एका नावाजलेल्या कंपनीचे पॅड, आवरणावर फाउंटन पेनासाठी योग्य असे छापलेले. पानाचा वरचा अर्धा भाग सुरेख जायचा. खालच्या तिसऱ्या हिश्शात आले, की पेन अडखळायचे, 'क' चा अर्धा गोल गायब, 'म' ची गाठ गायब. मी निब धुतला, शाई बदलली, शेवटी पेन दुरुस्तीला दिले. ते निर्दोष परत आले. तोवर मी कंपनीला नाही नाही ते मनातल्या मनात बोलून घेतले होते.

कारण माझ्याच हातात होते. लिहिताना तळहाताची कड पानाच्या खालच्या भागावर टेकलेली असते. त्वचेवरचे तेल आणि घाम घोटलेल्या कागदाला लागतो, आणि पाण्यातली शाई तेलाला धरत नाही. साधा कागद ते तेल शोषून घेत असल्यामुळे तिथे हे फारसे जाणवत नाही. कागद जितका गुळगुळीत तितका हा त्रास जास्त. तिरप्या उजेडात पान धरले तर तेवढा पट्टा वेगळा चमकतानाही दिसला. तेव्हापासून हाताखाली एक कोरे पान ठेवते. हातांना मलम लावून लगेच लिहायला बसणाऱ्यांनी याचा विचार करावा.

निळी दौत

रेघोटी, आपण माझी मोठी अडचण सोडवली. रोडियावर तळाच्या चार ओळी नेहमी फिक्या का येतात हे मला कळत नव्हते, आणि मी ते निबेच्या माथी मारले होते. आज रात्रीच हाताखाली पान ठेवून पाहतो.

बोरूबहाद्दर, एक शंका आहे. मी वर नाव न घेता सोडून दिलेले एक सहावे पॅडही होते. त्याचे पहिले पॅड अप्रतिम होते. तेच नाव आणि तेच आवरण पाहून दुसरे घेतले, तर पानाच्या एका बाजूला शाई सरळ जाते आणि दुसऱ्या बाजूला मिशा फुटतात. हे कसे?

बोरूबहाद्दर

दोन कारणे असू शकतात. कागदाचा लगदा जाळीवर ओतला जातो आणि पाणी खालून निथळते, त्यामुळे जाळीकडची बाजू आणि वरची बाजू यांची वीण मुळातच सारखी नसते. चांगला कारखाना सायझिंग आणि घोटाईने हा फरक जवळजवळ पुसतो. घाईत केलेल्या मालात तो उरतो. दुसरे म्हणजे वह्या-पॅडे विकणारी कंपनी कागद बनवणारी असतेच असे नाही. ती कागद दुसऱ्याकडून घेते, पुरवठादार बदलतो आणि आवरण मात्र तेच राहते. क्लेअरफाँतेन 1858 पासून स्वतःचा कागद स्वतः बनवते, आणि तिच्या मालात इतके सातत्य असण्याचे हे एक मोठे कारण असावे असे मला वाटते.

मोठी नावेही यातून सुटत नाहीत. तोमोए रिव्हर बनवणाऱ्या तोमोएगावा कंपनीने 2021 मध्ये तो कागद बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि पुढे सान्झेन नावाच्या दुसऱ्या जपानी कंपनीने त्याच नावाने तो बनवायला घेतला. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून त्यावर एकच शाई लावणारे रसिक आजही वाद घालतात. तेव्हा कुठल्याही पॅडाची शिफारस वाचताना ती कधी लिहिली आहे, तेवढे पाहून घ्यावे.

तुमच्या त्या पॅडाची चांगली बाजू कोणती ते पेन्सिलीने कोपऱ्यात खूण करून ठेवा आणि एकाच बाजूने लिहा. फेकू नका.

काना मात्रा

धाग्याच्या शेवटच्या प्रश्नाला अजून नीट उत्तर मिळालेले नाही, म्हणून आखणीबद्दल लिहिते. रोमन अक्षर रेघेवर बसते, आपले अक्षर शिरोरेघेला लटकते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि पाय मोडलेले अक्षर. 5 मिलिमीटरच्या चौकटीत किंवा ठिपक्यांत मीडियम निबने लिहिले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मग आपण अक्षर बारीक करतो, आणि मीडियम निबेने लिहिलेल्या 'ध', 'घ', 'भ' यांची पोटे शाईने भरून जातात. लोक म्हणतात, कागद फुटला. कागद बिचारा ठीक असतो, जागा कमी पडलेली असते.

माझा अनुभव असा, की 7 मिलिमीटरच्या रेघा ही किमान गरज. त्याहून छान म्हणजे फ्रेंच शाळकरी वह्यांची सेयेस आखणी, जी क्लेअरफाँतेनच्या वह्यांत मिळते. तिच्यात दर 8 मिलिमीटरवर एक ठळक रेघ आणि मध्ये दर 2 मिलिमीटरवर फिक्या रेघा असतात. वरचा 2 मिलिमीटरचा पट्टा वेलांटीला, मधले 4 अक्षराच्या अंगाला, खालचे 2 उकाराला. फ्रेंच मुलांसाठी काढलेली आखणी देवनागरीच्या अंगाला शिवून आणल्यासारखी बसते. जोडाक्षरांच्या 'द्ध', 'ट्ट' अशा उभ्या रचनाही तिच्यात मावतात.

कोरे पॅड वापरणाऱ्यांनी याच मापाची जाड रेघांची पट्टी काळ्या शाईने आखून पानाखाली ठेवावी. तोमोए आणि एमडी यांतून ती स्वच्छ दिसते. 90 जीएसएममधून अंधुक दिसते.

निळी दौत

आठवडाभर सगळ्यांच्या सूचना पाळून पाहिल्या.

काना मात्रा, आपल्या मापाची पट्टी आखून निमोसिनीखाली ठेवली, पण त्या पॅडावर आधीच छापील रेघा असल्यामुळे डोळ्यांचा गोंधळ झाला. एमडीच्या कोऱ्या पानाखाली ती झकास चालली, आणि 'ध' चे पोट पहिल्यांदाच मोकळे राहिले. माझी इरोशिझुकू आता एमडीवरच राहील, आणि पेलिकन रोडियावर, कारण हात आखडून वाहणारी शाई घसरत्या कागदावर आपोआप आवरली जाते. शिरोरेघ अजूनही एखादा मिलिमीटर पुढे जाते, दोन नाही.

बोरूबहाद्दर, त्या सहाव्या पॅडाची खरबरीत बाजूच चांगली निघाली. मी इतके दिवस गुळगुळीत बाजूवर लिहीत होतो.

रेघोटी, हाताखालच्या पानाने तळाच्या ओळी सुधारल्या, आता त्या वरच्या ओळींइतक्याच गडद येतात. तोमोएवर मात्र मी घाई केली आणि लिहिता लिहिता तेच पान वरच्या ओळींवर सरकले. उचलून पाहिले तर त्यावर अक्षर एकही उमटले नव्हते. शब्दाच्या लांबीएवढ्या निळ्या आडव्या रेघा तेवढ्या एकाखाली एक उतरल्या होत्या, कारण सर्वांत शेवटी ओढलेली आणि सर्वांत ओली तीच होती.